मुकादम गाडीत चढला

स्वतःचा कळप मुकादमाने स्वतःच गाडीत चढवला.

पिकअप कुंपणाच्या तोंडाकडे पाठ करून उभी होती. फाळका पाडून त्याला लाकडी फळी टेकवली होती आणि खूर घसरू नयेत म्हणून फळीवर गोणपाट अंथरलं होतं. पहिली मेंढी फळीशी येऊन अडली. एक अडली की मागच्या सगळ्या अडतात, एकमेकींच्या कुशीत तोंडं खुपसून उभ्या राहतात, आणि मग त्यांना ढकलणं म्हणजे भिंत ढकलण्यासारखं. थोरलीच्या नवऱ्याला गुडघ्यामुळे वाकता येत नव्हतं. तो नुसताच काठी हलवत तोंडाने आवाज करत होता. ड्रायव्हर गाडीच्या दाराला टेकून किल्ली बोटात फिरवत होता. त्याला सगळे घाई म्हणत. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवत असेल की नाही, अशी शंका लोक घेत.

"वहिनी, असंच चाललं तर ह्या मेंढ्या म्हाताऱ्या होऊन चढतील."

थोरलीने कुंपणाच्या कडेला बसलेल्या कुत्र्याकडे पाहिलं. जीभ टाळ्याला लावून तिने नेहमीचा आवाज काढला.

मुकादम उठला. आधी पुढचे पाय, मग थोडा थांबून मागचे. हल्ली त्याचं उठणं असं दोन हप्त्यांत व्हायचं. एके काळी त्याची पाठ थोरलीच्या कमरेला लागत असे. अजूनही छाती आणि मान तशीच रुंद होती, पण मागच्या मांड्यांवरचं मांस आटलं होतं आणि चालताना माकडहाड एका बाजूला झुकायचं. तो कळपाला वळसा घालून मागे गेला. भुंकला नाही, धावला नाही. फक्त शेवटच्या मेंढीच्या मांडीशी नाक नेऊन उभा राहिला. कळप हलला. पुढची मेंढी फळीवर चढली, तिच्यामागे दुसरी, आणि मग पाणी उताराला लागावं तसा सगळा कळप वर गेला. मागे राहिलेल्या लंगड्या मेंढीला त्याने खांद्याने टेकू देत फळीच्या टोकापर्यंत पोचवलं.

त्याने स्वतः फळीवर पाय ठेवला नाही. तो चढणाऱ्यांतला नव्हता, चढवणाऱ्यांतला होता. खाली बसून त्याने थोरलीच्या तोंडाकडे पाहिलं.

"झालं," ती म्हणाली. रोज संध्याकाळी मेंढ्या कुंपणात गेल्या की म्हणायची, तसंच.

हा शब्द ऐकला की मुकादम कुंपणाच्या दारात आडवा पडायचा. आजही तो जाऊन तसाच पडला. आत काही नव्हतं. पिकअप सुरू झाली, मेंढ्या विकत घेतलेला व्यापारी पुढे ड्रायव्हरशेजारी चढला, आणि मेंढ्या ओरडायला लागल्या तसा मुकादम ताडकन उठला. वळणापर्यंत तो गाडीच्या बाजूने लंगडत गेला. तिथे थांबून त्याने मागे पाहिलं. कळप निघाला आणि थोरली अजून उभीच कशी, हे त्याला कळेना. एकदा धुळीकडे, एकदा तिच्याकडे बघत तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. ती घरात गेली.

सलग दोन वर्षं पाऊस नावालाच झाला होता. माळावर आता गवताची मुळंही राहिली नव्हती, नुसती खरखरीत माती. त्यात नवरा कोरड्या ओढ्यात दगडावरून घसरला आणि गुडघा कायमचा गेला. दूरच्या कुरणात कळप न्यायचा तर चालणार कोण? धाकटा दीर आणि जाऊ कधीचीच शहरात गेली होती. जाऊ गेल्यावरही हिला सगळे थोरलीच म्हणत राहिले, तेवढीच त्या जावेची आठवण.

*

नर्सरीतलं काम घाईनेच सुचवलं होतं. रोपांना पाणी घालायचं, पिशव्यांत माती भरायची, तण काढायचं. जोडपं हवं होतं, आणि राहायला खोली मिळणार होती.

सुपरवायझर बारीक चणीचा माणूस होता. हातात पाण्याची नळी होती आणि बोलतानाही तो ती एका रोपावरून दुसऱ्या रोपावर नेत होता. त्याने आधी दोघांकडे पायांपासून वर पाहिलं, मग नाकाशी हात नेला.

"मेंढ्या होत्या का?"

"होत्या," नवरा म्हणाला.

"इथं गिऱ्हाइकं येतात, म्हणून म्हटलं. साबण लावत जा." मग त्याने मातीच्या गोणीकडे बोट केलं. "ती उचला बघू."

नवऱ्याने चांगल्या पायावर भार घेऊन गोणी उचलली. त्याच्या जबड्याची गाठ कानापाशी वर आलेली थोरलीला दिसली. गोणी खाली ठेवल्यावर त्याने हात झटकले आणि उगाचच हसला.

"पाय दुखतोय का?"

"नाही हो," थोरलीच बोलली. "सकाळपासून चालून आलोय, म्हणून."

सुपरवायझरने खोली दाखवली. पत्र्याची होती, पण कोपऱ्यात मोरी होती आणि मोरीवर नळ. थोरलीने तो फिरवून पाहिला. पाणी आलं. लगेच बंद केला, तरी तिच्या बोटांवर ते थोडा वेळ गार राहिलं. सासूबाईंना दिसायला कमी झालं होतं. विहिरीच्या वाटेवर त्या दोनदा पडल्या होत्या. इथे हात लांबवला की पाणी.

"लेकरंबाळं?"

"एकच मुलगी, ती सासरी. आई आहेत आमच्या. त्या एका जागी बसून असतात."

"कुत्रं, मांजर काही?"

नवऱ्याने बोलायला तोंड उघडलं.

"नाही," थोरली म्हणाली.

"बरं आहे. आधीच्या जोडप्यानं एक ठेवलं होतं. सगळ्या पिशव्या फाडल्या त्यानं." सुपरवायझरने नळी पुढच्या रांगेवर नेली. "आठवडा संपला की या सामान घेऊन."

परतताना नवरा मागून येत होता. त्याच्या काठीचा आवाज तेवढा येत होता. अर्ध्या वाटेवर तो थांबला आणि गुडघा चोळू लागला.

"विचारून तरी बघायचं होतं गं."

"आणि नको म्हणाला असता तर?"

"तर नको म्हणाला असता." तो सरळ झाला. "नाही काय म्हणालीस? नाही म्हणजे काय, तो नाहीच?"

तो शब्द थोरलीने ठरवून उच्चारला नव्हता. गरम भांड्याला लागलेला हात आपोआप मागे यावा, तसा तो तोंडातून निघाला होता. पण भांडं तिच्या हातात नव्हतंच. कुणी तिला भाजलं नव्हतं. सुपरवायझरने फक्त विचारलं होतं.

*

पुढचे दिवस आवराआवरीत गेले. कुंपणाचे खांब उपटायचे, जाळी गुंडाळायची, पत्रे सोडवायचे. खांब सुटावेत म्हणून थोरली पहारीने मुळाशी खणायची आणि नवरा बसल्या बसल्या हलवून ओढायचा. लोकरीचे पुंजके तारेला अडकलेले होते, तेही तिने सवयीने काढून घेतले, आणि मग ते घेऊन काय करायचं हे न कळून पुन्हा टाकले. मुकादम हे सगळं बघत पडलेला असे. संध्याकाळ झाली की तो उठून कुंपणाच्या दारात जाऊन आडवा व्हायचा. दार निघालं, बाजूचे खांब निघाले, तरी त्याची जागा वीतभरही सरकली नाही. उघड्या माळावर एका न दिसणाऱ्या दाराला तो आडवा पडलेला असायचा.

घाई येऊन सांगून गेला. त्याच्या ओळखीचा एक बागवाला होता. रात्री त्याची फळं चोरीला जायची. "त्याला कुत्रा हवाय. म्हटलं, म्हातारा आहे. तो म्हणाला, दात नसले तरी चालतील, आवाज पाहिजे. आवाज तर काय, मुकादम भुंकला की माझ्या गाडीचा आरसा हलतो."

"जेवायला घालेल ना?" सासूबाईंनी विचारलं.

"घालेल की. खाऊनपिऊन सुखी माणूस आहे."

"मग मलाही त्याच गाडीत घाला. माझाही आवाज आहे अजून."

"आई," नवरा म्हणाला.

"नाही, आधी सांगून ठेवा म्हणजे पिशवी भरायला बरं." सासूबाईंनी ताटातला तुकडा अंदाजाने बाजूला धरला. मुकादमाने तो ओठांनीच अलगद घेतला. त्यांच्या बोटांना त्याचे दात कधी लागले नव्हते. "भाऊ, तुला ह्याची कांबळ्याची गोष्ट ठाऊक आहे का?"

"सांगा."

"अरे, ही माळावर असायची तेव्हा कांबळं आणि जेवणाचा डबा एका जागी ठेवायची. ह्याला म्हणायची, सांभाळ. की हा त्याच्या शेजारी बसला. मग ही मेंढ्या घेऊन पाण्यावर जाऊन येईपर्यंत देव खाली आला तरी हलायचा नाही. एकदा काय झालं, हिच्या वडिलांचं जास्त झाल्याचा निरोप माळावरच आला. ही तशीच अनवाणी पळाली माहेरी. कांबळं राहिलं तिथंच. संध्याकाळी हा आमचा लेक मेंढ्या आणायला गेला, तर कुत्रा कांबळ्याला हात लावू देईना. ह्याला, मालकाला! वर पाऊस. सगळी रात्र बसला, दुसरा दिवस बसला. ही परत येऊन तिनं स्वतः उचललं तेव्हा उठला."

"बाप रे."

"तेव्हापासून गावातल्या बायका हिला म्हणायच्या, नवऱ्याच्या अंगावर पण एकदा कांबळं टाकून बघ, बसेल एका जागी."

घाई मोठ्याने हसला. नवराही हसला. थोरली भांडी घेऊन उठली.

*

मुकादमाला न्यायच्या ठरल्या दिवशी दुपारी घाई आला तो हॉर्न वाजवतच. फाळका पाडला, तीच फळी लावली, तेच गोणपाट.

आधी नवऱ्याने दोरी बांधून ओढून पाहिलं. मुकादम फळीपर्यंत आला आणि तिथे बसला. घाईने हौद्यात हाड टाकलं. मुकादमाने वास घेतला, हाडाकडे पाहिलं, आणि कामाच्या वेळी खायचं नसतं अशा चेहऱ्याने तोंड फिरवलं. मग दोघांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून उचलायचं ठरवलं. त्याने प्रतिकार केला नाही, फक्त अंग सोडून दिलं. सोडून दिलेलं अंग उचलणं किती अवघड असतं हे ज्याने उचललंय त्यालाच ठाऊक. घाईच्या हातातून तो निसटला, नवऱ्याचा पाय गोणपाटात अडकला आणि तो गुडघ्यावर आपटला. तोंडातून आवाज निघाला तो त्याने अर्ध्यावर गिळला.

मुकादम उठून त्याच्याजवळ गेला. त्याने नवऱ्याच्या मानेचा वास घेतला. मग त्याला एकदम काहीतरी उमगल्यासारखं झालं. गाडी उभी आहे, फळी लावली आहे, माणसं फळीशी अडली आहेत. तो वळसा घालून मागे गेला आणि नवऱ्याच्या पाठीला डोकं लावून त्याला वर ढकलू लागला.

"अरे, मला नाही! मला नाही रे!"

घाई पोट धरून हसायला लागला, तर मुकादम त्याच्याही मागे गेला. त्याच्या पोटरीशी नाक लावून त्याला फळीकडे आणू लागला. दारात बसलेल्या सासूबाई विचारत होत्या, "काय झालं? काय झालं रे?" आणि नवरा मातीत बसून गुडघा धरून हसत होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मग त्याने बाहीने डोळे पुसले, तरी ते पुन्हा भरले. तो तोंड फिरवून दोरी गुंडाळायला लागला.

"वहिनी," घाई म्हणाला, "तुमचंच ऐकतो तो. बघा काही जमतंय का. मला अजून फरशा भरायच्यात."

थोरली आतापर्यंत भिंतीशी उभी होती. तिने खांद्यावरचं कांबळं काढलं. गाडीजवळ जाऊन ते हौद्यात, अगदी आतल्या कडेला ठेवलं.

"सांभाळ," ती म्हणाली.

मुकादमाने कांबळ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. फळीला बगल देऊन तो सरळ फाळक्याशी आला. पुढचे दोन्ही पाय वर ठेवले. मागच्या पायांनी उसळी घ्यायचा प्रयत्न केला. नखं मातीत रुतली, मांड्या थरथरल्या, पण अंग वर गेलं नाही. त्याने पुन्हा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा प्रयत्न करण्याआधी त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. पाय चालत नाहीत याची त्याला लाज वाटत होती असं तिला दिसलं.

तिने एक हात त्याच्या पोटाखाली घातला, दुसरा मांड्यांच्या मागे, आणि उचललं. कातडीखाली खुब्याची दोन्ही हाडं तिच्या तळव्याला वेगवेगळी लागली. केस जाड होते, आत ऊब होती, आणि बरगड्यांतून त्याचं हृदय तिच्या कोपरावर ठोके देत होतं. वर गेल्यावर त्याने वळून तिचं मनगट घाईघाईत एकदा चाटलं, मदत केल्याबद्दल. मग तो कांबळ्यापाशी गेला आणि शेजारी बसला. कांबळ्यावर तो कधीच बसत नसे.

नवऱ्याने फाळका वर करून कडी लावली. कडी लागल्याचा आवाज झाला तसा मुकादमाने कान हलवले, एवढंच. गाडी निघाली तेव्हा तो तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. तिने दिलेलं काम तो करत होता.

संध्याकाळी वारा सुटला. सामान बांधलेलं होतं, घर रिकाम्या डब्यासारखं वाजत होतं. थोरलीचा हात खांद्याकडे गेला आणि तसाच थांबला.

"कांबळं कुठाय गं तुझं?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना दिसत नसे, पण तिचं थांबणं त्यांना ऐकू आलं होतं.

"गाडीत."

"उचलून नाही घेतलंस?"

"नाही."

सासूबाईंनी अंधारात चाचपडून स्वतःची चादर तिच्याकडे सरकवली. थोरलीने ती घेतली नाही.

"भूक लागली की उतरेल," नवरा म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "लागतेच ना भूक."

चढवायचं कसं एवढाच विचार तिने केला होता. उतरवायचं कसं, हे तिच्या मनातच आलं नव्हतं. की आलं होतं? फाळका लावताना क्षणभर तिचा हात पुढे झाला होता खरा. मग तिनेच तो मागे घेतला होता.

*

सकाळी घाई मोटरसायकलवरून आला. त्याला गाडीविना कुणी पाहिलं नव्हतं. पोशाख विसरून आल्यासारखा तो दिसत होता.

"गाडी कुठाय?" नवऱ्याने विचारलं.

"बागेत. तुमच्या मुकादमाच्या ताब्यात." तो मोटरसायकलवरून उतरलाही नाही. "वहिनी, चला. हाड टाकलं, खात नाही. पाणी ठेवलं, तर कांबळ्यापासून लांब आहे म्हणून उठत नाही. बागवाल्यानं काठी दाखवली, तर असा गुरगुरला की तो अजून झाडावरच असेल. माझ्या फरशा पडल्यात तिकडे. चला."

थोरली मागे बसली.

बागेच्या फाटकातच पिकअप उभी होती. फाळका उघडा होता. मुकादम काल बसला होता तिथेच, तसाच बसला होता, मान जरा खाली गेली होती एवढंच. हौद्याच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात ओलं दिसत होतं. कांबळ्यापासून जेवढं लांब जाता येईल तेवढं जाऊन त्याने ते केलं होतं, आणि परत येऊन बसला होता. तिला बघून त्याचं शेपूट फळ्यांवर आपटायला लागलं. पण तो उठला नाही. अजून शब्द व्हायचा होता.

तिने हात लांबवून कांबळं उचललं.

"झालं."

त्याचं सगळं अंग एकदम सैल पडलं. उठताना मागचे पाय वळलेच नाहीत, तो पुढच्या पायांवर सरकत कडेला आला. तिने खांदा पुढे केला. त्याने त्यावर छातीचा भार टाकला आणि ती त्याला मिठीत धरून हळूहळू खाली आली, पार मातीत बसेपर्यंत. मग तो पाण्याच्या घमेल्याकडे गेला आणि पीत राहिला. किती वेळ ते पिण्याचं चटचट वाजत होतं.

बागवाला जाड, मवाळ माणूस होता. लांबून बघत होता.

"जनावर चांगलं आहे हो," तो म्हणाला. "मला आवडलं. असं इमानी कुठं मिळतं आता? एक करा बाई. ते कांबळं इथं झोपडीपाशी झाडाखाली टाका, आणि तो तुमचा शब्द सांगा त्याला. म्हणजे बसेल इथंच. मी खाणंपिणं जवळ ठेवत जाईन. तुम्हाला नवीन कांबळं घेऊन देतो."

त्याच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं. उपाय अगदी बरोबर होता. ते जमणार याची थोरलीइतकी खात्री कुणालाच नव्हती.

तिने झाडाखाली जागा पाहिली. सावली होती. खाली मऊ माती होती. तिने कांबळ्याची घडी घातली, खाली ठेवली.

"सांभाळ."

पाणी गळत्या तोंडाने मुकादम आला आणि कांबळ्याशेजारी बसला. पाठ ताठ केली.

ती वळून गाडीत पुढे जाऊन बसली. घाई शेजारी बसला. त्याने किल्ली लावली, पण फिरवली नाही. ती समोरच्या काचेकडे बघत होती. काचेवर एक जुना तडा होता, त्याच्या टोकाशी चिकटपट्टी लावलेली होती.

"काय भाऊजी," ती म्हणाली, "आज घाई नाही?"

तो आरशात बघत होता. मग म्हणाला, "वहिनी, किती दिवस बसेल हो तो?"

मागच्या वेळी, वडील गेले होते त्या वेळी, सगळ्यांनी तेच विचारलं होतं आणि हसले होते. पण तेव्हा ती परत आली होती. इतक्या वर्षांत कांबळं ठेवून ती गेली आणि परत आली नाही, असं एकदाही झालं नव्हतं. म्हणून तो बसत होता. त्यात इमानाचं नवल काही नव्हतं. तिनेच ते त्याला रोज शिकवलं होतं, पुन्हा पुन्हा, न चुकता, आणि आता ती त्याच शिकवणीने त्याला झाडाखाली बांधून चालली होती. दोरीने बांधलं असतं तर त्याने निदान दोरी चावली असती.

थोरलीने दार उघडलं.

"अहो बाई, आता काय?" बागवाल्याने लांबून विचारलं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. तिने कांबळं उचललं, झटकलं आणि खांद्यावर टाकलं. "झालं रे. चल."

ह्या वेळी हौद्यात काहीच नव्हतं. तरी मुकादम तिच्यामागून गाडीशी आला, पुढचे पाय फाळक्यावर ठेवले आणि उसळी न मारता तसाच थांबला. मान वळवून त्याने तिच्याकडे पाहिलं. उचल, म्हणत होता. तिने खाली वाकून दोन्ही हात घातले. घाईने न सांगता दुसऱ्या बाजूने आधार दिला.

"घरी?" त्याने विचारलं.

"नर्सरीत. तुमच्या फरशा..."

"राहू दे फरशा."

ती पुढे बसली नाही. मागे हौद्यात चढली, एका हाताने कडेचा गज धरून बसली. खड्डा आला की घाई गाडी एवढी हळू करी की मागच्या गाड्या हॉर्न द्यायला लागत. मुकादम फळ्यांच्या फटींत नाक घालून हुंगत कोपऱ्याकोपऱ्यात हिंडला. लोकर होती तिथे, वास होता अजून. एका कोपऱ्यात तो बराच वेळ नाक लावून उभा राहिला. थोरलीने तिकडे बघायचं टाळलं नाही.

नवऱ्याला काय सांगायचं, हे तिने वाटेत मनात मांडून पाहिलं. खोली गेली तर गुडघा घेऊन तो कुठे जाणार, आणि सासूबाई पुन्हा त्याच विहिरीच्या वाटेवर. तो नळ तिने बंद केला होता तेव्हा त्याच्या तोंडाशी एक थेंब लटकत राहिला होता, तो तिला दिसत होता. कसंही मांडलं तरी कुणाचं तरी वजन उरतच होतं.

फाटकाशी सुपरवायझर नळी घेऊन उभा होता. त्याने आधी गाडी पाहिली, मग थोरली, मग तिच्या शेजारचं जनावर.

"सामान परवा आणायचं होतं ना? आणि हे काय?"

"आमचा कुत्रा आहे."

"तुम्ही तर नाही म्हणालात."

"म्हणाले होते." ती हौद्यातच उभी राहिली. पलीकडे पिशव्या भरणाऱ्या बायका हात थांबवून बघत होत्या. "खोटं बोलले. आहे. म्हातारा आहे. गाडीत चढवायला, उतरवायला धरावं लागतं. पिशव्या फाडणार नाही. सांगितलं तर पिशव्या राखेल."

सुपरवायझर मुकादमाकडे बघत राहिला. नळीचं पाणी एकाच रोपावर पडत होतं आणि पिशवी भरून बाहेर वाहायला लागली होती.

"रात्री भुंकतो?"

घाईने पुढच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून ‘नाही म्हणा’ अशी मान हलवली.

"भुंकतो," थोरली म्हणाली.

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं."

त्याने नळी खाली टाकली. "मालकांना विचारावं लागेल," तो म्हणाला आणि हात पुसत आतल्या ऑफिसकडे निघाला. दारापाशी वळून म्हणाला, "तोवर खाली उतरवू नका त्याला."

घाईने गाडी बंद केली. उन्हात पत्रा तापत होता. थोरलीने खांद्यावरचं कांबळं काढून हौद्यात अंथरलं. मुकादम लगेच त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला, कान वर करून, शब्दाची वाट बघत.

ती काही म्हणाली नाही. स्वतःच कांबळ्यावर बसली, एका कडेला, आणि उरलेल्या जागेवर हात फिरवून घड्या काढल्या. तो तिच्या तोंडाकडे बघत उभा होता. ती ऑफिसच्या दाराकडे बघत होती.

बऱ्याच वेळाने तिला मांडीला ऊब लागली. तो आधी पुढच्या पायांवर खाली आला, मग थोडा थांबून मागच्या. कांबळ्यावरच.